वस्तादांना कळवायचं राहिलं

वेल्डर गाडीखालून सरकत बाहेर आला. काळा चष्मा कपाळावर चढवून, हात चिंधीला पुसत म्हणाला, "आता नाही. आता मी हिला हात लावणार नाही."

"मागच्यासारखी एक पट्टी मारून दे की," नवरा म्हणाला.

"कशावर मारू? पट्टीवर पट्टी, तिच्यावर आणखी पट्टी. मूळची चासी राहिलीय कुठं? उद्या भरलेली गाडी उतारावर दुमडली तर लोक माझ्या नावानं खडे फोडतील."

ती बाजूला जुन्या टायरवर बसली होती. सकाळी उतारावर कडकन आवाज आला तेव्हा तिनं धावत्या गाडीतून उडी मारली होती आणि चाकामागं दगड लावला होता. गाडी थांबली, पण तिचा गुडघा रुसल्यासारखा झाला होता. ती दोन्ही तळव्यांनी तो दाबत होती.

लाकडाची ही वाहतूक दोघं मिळून करायची. जंगलातल्या डेपोतून ओंडके भरायचे, घाट उतरायचा आणि खाली वखारीत टाकायचे. तो गाडी चालवायचा, बाकी सगळं ती करायची. साखळ्या आवळणं, दोर बांधणं, वळणावर खाली उतरून मागं बघणं, चढावर दगड घेऊन तयार राहणं. सुरुवातीला क्लीनर परवडेना म्हणून ती बसली. पुढं परवडायला लागला तरी उतरली नाही. तिनं मारलेली गाठ वखारीतल्या हमालांना सुटायची नाही, म्हणून ते तिला गाठमावशी म्हणायचे. नवऱ्याला म्हणायचे मुका. मुका काही नव्हता तो. बोलायचा कमी, आणि 'नाही' हा शब्द तर त्याच्या तोंडातून कधी कुणी ऐकलाच नव्हता.

जंगलातला रस्ता पाऊस सुरू झाला की बंद व्हायचा. त्याआधी जितक्या खेपा पडतील तितक्या पाडायच्या, वर्ष त्यावरच निघायचं. आणि नेमकी आत्ताच गाडी मोडली.

त्या संध्याकाळी जेवताना तो म्हणाला, "नवी घेऊ."

तिला वाटलं चासीच म्हणतोय. "नवी चासी घालायची?"

"गाडी. नवी गाडी."

ती घास हातात धरून बघत राहिली. "डोकं ठिकाणावर आहे ना?"

"जन्मभर लोकांच्या उष्ट्या गाड्या चालवल्या मी. कुणीतरी क्लच जाळून ठेवलेला, कुणीतरी सीटला भोकं पाडलेली. एकदा, एकदाच, प्लास्टिक न काढलेल्या सीटवर बसायचंय मला."

"प्लास्टिकवर घाम येतो," ती म्हणाली. त्याला हसू आलं नाही तेव्हा तिला कळलं की हा खरंच बोलतोय. मग तिनंही सरळ सांगितलं, "हप्ता थकला की नवी गाडी दारातून उचलून नेतात. जुनी असली की निदान दारात उभी राहते. तुम्ही म्हणाल ते ऐकते, पण हे नको."

तो पुढचा घास घेऊन जेवत राहिला. ते त्याचं नेहमीचंच होतं.

दुसऱ्या दिवशी वेल्डरकडूनच निरोप आला, की वस्ताद गाडी विकायला काढतायत. मुक्याला म्हणावं, आधी तू बघ.

वस्तादांनीच त्याला गाडी शिकवली होती. पोरवयात तो त्यांच्या गाडीवर क्लीनर म्हणून लागला, तिच्याच खाली चादर पसरून झोपला, तिच्याच स्टिअरिंगवर त्याचा हात बसला. आता वस्तादांना दिसायचं कमी झालं होतं. गाडी घराशेजारच्या पत्र्याखाली उभी होती.

दोघं गेले तेव्हा वस्ताद बादली घेऊन बॉनेट पुसत होते. एका डोळ्यावर सायीसारखा पडदा आलेला. दुसरा डोळा मिचकावत त्यांनी आधी त्याचा हात चाचपला आणि मग तिच्याकडे वळून म्हणाले, "पोरी, तूही आलीस हे बरं झालं. हा काही विचारायचा नाही. तू विचार."

तिनं खरंच विचारलं. टायर कधी बदलले, मागचे स्प्रिंगचे पाटे कधी भरले, तेल किती पिते. वस्ताद प्रत्येकाचं उत्तर देताना त्या त्या जागेवर हात ठेवायचे. खोटं एकही सांगितलं नाही. "दुसरा गिअर हट्टी आहे. त्याला रागानं घातला तर जात नाही, सहज घातला तर जातो. माझ्या बायकोसारखा."

"ऐकतेय मी," आतून काकूंचा आवाज आला.

चालवून बघायचं ठरलं. नवरा चढला. ती चढायला गेली आणि पायरीवर गुडघा वाकेना. पायरी छातीएवढी उंच. तिनं दांडीला धरून दोनदा उसळी घेतली, दोनदा खाली आली. कुंपणापलीकडे कपडे वाळत घालणारी शेजारीण हसू दाबत बघत होती. शेवटी काकू बाहेर आल्या, कमरेला हात लावून त्यांनी तिला वर ढकललं. "भरली बाई एकदाची," काकू म्हणाल्या, आणि शेजारीण मोकळेपणानं हसली. तीही हसली, पण कानापर्यंत तापली.

गाडी छान चालली. इंजिन ह्याही गाडीत दोघांच्या मधेच होतं, लोखंडी झाकणाखाली. गावाबाहेर जाऊन परत येईपर्यंत तिची उजवी पोटरी भाजून निघाली. पण त्याची तिला सवय होती. त्या पोटरीवर जुन्या भाजण्याचे डागच होते.

परतल्यावर ती काकूंबरोबर चहा करायला आत गेली. काकूंनी पातेलं ठेवलं, दाराकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला.

"ह्यांचा एक डोळा गेलाच म्हण. दुसरा वाचेल म्हणाले डॉक्टर, पण ऑपरेशन लवकर करायला हवं. गाडी विकल्याशिवाय ते होणार नाही. फळांचा व्यापारी आला होता, चांगला भाव देत होता. ह्यांनी परतवून लावला. म्हणाले, तो गाडीला मारून टाकील, माझी गाडी माझ्या पोराकडेच जाईल."



"तू मात्र तुझ्या नवऱ्याला सांगू नकोस हं," काकू कप पुसत म्हणाल्या. "दया म्हणून घेतली असं ह्यांना कळलं तर गाडी पेटवून देतील. तुझ्यापाशीच ठेव."

"नाही सांगणार," ती म्हणाली.

बाहेर नवरा बॉनेटवर हात ठेवून उभा होता.

"बोल," वस्ताद म्हणाले.

"चांगली आहे."

"चांगली आहे ते मला माहितीये. घेतोस ना?"

"सांगतो वस्ताद. उद्या-परवा."

"सांगायचं काय त्यात? आता मी कुणाला दाखवतच नाही."

घरी परतताना बराच रस्ता संपल्यावर ती म्हणाली, "घेऊन टाका. ओळखीची गाडी आहे."

"ओळखीची आहे तेच तर." तो चालता चालता थांबला. "तिच्यात बसलो ना, की मला वाटतं वस्ताद आत्ता हाक मारतील, पाणी आण, टायर बघ. पन्नाशी आली माझी. त्या गाडीत मी अजून क्लीनरच आहे."

हे तिला कधी सुचलंच नव्हतं. काकूंचं बोलणं तिच्या जिभेवर आलं. पण शब्द दिला होता, आणि असं सांगणं म्हणजे त्याच्या गळ्यात दोर अडकवण्यासारखंच होतं. ती पुढं चालायला लागली.

"नुसती नवी बघून तर येऊ," तो म्हणाला. "बघायला काय जातंय?"

शोरूमच्या काचेच्या दारापाशी तिनं चपला काढल्या. आतला टाय लावलेला पोरगा धावत आला, "अहो मॅडम, चपला घालून या," आणि आणखी दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. तिनं चपला पुन्हा पायात सरकवल्या. पोरगा नंतर सगळं नवऱ्याशीच बोलला. ताकद किती, किती टन, कुठल्या कंपन्या भाडं देतात, हप्ता किती सोपा. नवरा मान हलवत होता. त्याचा हात दरवाजाच्या रंगावरून असा फिरत होता की तिनं नजर दुसरीकडे वळवली.

"पाय कुठं भाजतो?" तिनं विचारलं.

पोरगा गोंधळला. "काय?"

"बसल्यावर. पाय कुठल्या बाजूनं भाजतो?"

"भाजत नाही मॅडम. इंजिन सगळं खाली आहे. बसून बघा ना."

पायऱ्या होत्या. एक नाही, तीन, आणि हाताला नीट येईल अशी दांडी. ती चढली. गुडघा कुरकुरला नाही. सीट खाली दबली आणि तिच्या पाठीला येऊन भिडली, जणू मापच घेतलं होतं. पोरानं कुठलंसं बटण दाबलं आणि गार वारा घोट्यांवर आला. जन्मात कुठल्या गाडीत तिचे घोटे गार झाले नव्हते. समोरच्या काचेतून सगळं रुंद आणि लांबवर दिसत होतं. शेजारी नवरा येऊन बसला. दोघांच्या मधे लोखंडी झाकण नव्हतं, मोकळी जागा होती.

ती काचेतून बाहेर बघतच म्हणाली, "हीच घेऊ."

तो तिच्याकडे बघत राहिला. "आणि वस्ताद?"

"सांगू त्यांना. समजून घेतील."

हे वाक्य तिचं होतं. पुढं कितीही वेळा तिनं मनात उलटंपालटं करून बघितलं, तरी ते तिचंच निघायचं.

सांगायला म्हणून दोघं निघाले असते तर अर्ध्या तासाचा रस्ता होता. पहिल्या दिवशी बँकेत जायचं होतं. मग जुनी गाडी भंगारात द्यायची होती. मग कुणा जामीनदाराला धरून आणायचं होतं. रोज सकाळी एक जण म्हणायचा, "आज वस्तादांकडे जाऊन येऊ," आणि दुसरा म्हणायचा, "हो, संध्याकाळी." संध्याकाळी कुणी विषय काढायचं नाही. फोन तरी करावा, असं ती एकदा म्हणाली. तो म्हणाला, "असलं फोनवर सांगतात का? तोंडावर सांगायला पाहिजे." ते बरोबरच होतं, आणि बरोबर होतं म्हणूनच दोघांना सोयीचं पडलं.

शेवटी वस्तादांचाच फोन आला. नवरा फोनकडे बघत राहिला आणि मग त्यानं तो तिच्यापुढे धरला.

"काय गं पोरी, कुठवर आलं?"

तिच्या तोंडून निघून गेलं, "जुळवाजुळव चाललीय वस्ताद."

"घाई नाही. आज हवा बघून घेतली सगळ्या टायरांतली. पावसाच्या आत घ्या म्हणजे झालं. तुमच्या खेपा बुडायला नकोत."

"हो," ती म्हणाली. फोन ठेवल्यावर नवऱ्यानं विचारलं नाही, आणि तिनं सांगितलं नाही.

नवी गाडी आणली त्या दिवशी तो नेहमीचा रस्ता सोडून बाहेरच्या लांबच्या रस्त्यानं आला. वस्तादांची गल्ली त्या रस्त्यावर लागत नव्हती. सीटवरचं प्लास्टिक तसंच होतं, चरचर वाजत होतं. तो खुशीत होता, पण आरशात सारखा मागं बघत होता.

जंगलाच्या रस्त्यावर ही गाडी चालली नाही. जुनीपेक्षा ती हातभर नाही, चांगली दोन पुरुष लांब होती. तिसऱ्या वळणावर पुढचं तोंड डोंगराला लागलं आणि मागचं चाक दरीच्या कडेला गेलं. ती दगड घेऊन उतरली. खडी चाकाखालून सुटून दरीत जात होती आणि खाली पडल्याचा आवाजही येत नव्हता. इंचाइंचानं मागं घेत, ती ओरडत, तो वळवत, गाडी कशीबशी सरळ झाली. पुढच्या बंपरला लांब ओरखडा गेला. नवरा खाली उतरून त्या ओरखड्यावर थुंकी लावून अंगठा घासत राहिला.

डेपोचा कारकून म्हणाला, "मुक्या, ही हायवेची गाडी. हिला इथं कशाला आणलंस? वस्तादची बुटकी गाडी होती की, ती ह्या रस्त्यावर डोळे झाकून चालायची."

मग हायवेचीच भाडी धरावी लागली. हप्ता थांबायचा नाही. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात लांबचा माल मिळाला, पण त्यांची अट होती, जोडीला दुसरा ड्रायव्हर पाहिजे. तिच्या सीटवर तो दुसरा माणूस बसला. मालाला दोर बांधायचा नव्हता, मागची पेटी लोखंडी, कुलूपबंद. गाठमावशीचं तिथं काही काम उरलं नाही.

ती घरी राहिली. सकाळी डबा दोघांचा करायला घ्यायची आणि अर्ध्यात आठवायचं. पोटरीवरचे भाजल्याचे डाग फिके होत गेले. गुडघाही बरा झाला, घरात चालायला पुरेसा. नवरा पंधरवड्यानं यायचा, आंघोळ करायचा आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचा. पूर्वी केबिनमध्ये इंजिनाच्या आवाजावर ओरडून ओरडून दोघं दिवसभर बोलायचे. कुणाची म्हैस आडवी आली, कुणाचं घर बांधून झालं, हमालांनी काय चेष्टा केली. आता घरात एवढी शांतता होती आणि बोलायला काही नव्हतं.

पाऊस सुरू होऊन बरेच दिवस झाले तेव्हा ती एकटी वस्तादांकडे गेली. का गेली, कशाला, हे तिनं स्वतःलाही विचारलं नाही.

पत्र्याखाली गाडी नव्हती. जमिनीवर तेलाचा काळा डाग होता आणि त्याच्या कडेनं गवत उगवलं होतं. काकू ओसरीवर धान्य निवडत होत्या. त्यांनी तिला बघितलं, ये म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत.

"गाडी विकली?" तिनं उभ्या उभ्याच विचारलं.

"भंगारवाल्याला. फळवाल्यानं तोवर दुसरी घेतली. इथंच कापली, गॅसनं. ह्यांनी दार लावून घेतलं होतं, पण आवाज येतोच ना." काकूंनी सुपातला खडा उचलून बाहेर टाकला. "तुमच्यासाठी म्हणून स्टेपनीचं पंक्चर काढायला गेले होते. मला बरोबर घेतलं, चाक ढकलत नेलं आम्ही दोघांनी. पंक्चरवाला म्हणाला, कुणासाठी? मुक्यानं तर केव्हाच नवी काढली. चार माणसं बसली होती तिथं, हसली. हे म्हणाले, हो हो, मला माहितीये, विसरलो. आणि चाक परत घरी ढकलत आणलं."

ती खाली बसली.

"ऑपरेशन?"

"उशीर झाला म्हणाले."

मग काकूंनी सूप खाली ठेवलं. "एक विचारू? मी तुला सांगितलं होतं डोळ्याचं. ते तू नवऱ्याला सांगितलंस का?"

"नाही काकू. शप्पथ. एका शब्दानं नाही. तुम्हीच नको म्हणाला होता ना."

काकू तिच्याकडे बघत राहिल्या. रागानं नाही, जरा नवलानं.

"मी नको म्हटलं," त्या म्हणाल्या, "आणि तू ऐकलंस?"

आतून वस्तादांनी हाक मारली, कोण आहे म्हणून. ती आत गेली. ते खाटेवर बसले होते, चेहरा तिच्या दिशेनं, पण जरा बाजूच्या भिंतीकडे. आवाज ओळखल्यावर ते सरकले आणि त्यांनी तिला जागा केली.

"कशी आहे नवी? गिअर किती?"

तिनं सांगितलं.

"बाप रे. आणि पाय?"

"भाजत नाहीत."

"चांगलं केलंत. खरंच चांगलं केलंत. जुन्या गाडीखाली उताणं पडून पडून माणूस संपतो. त्यानं लवकर घ्यायला हवी होती." ते खाटेची कड चाचपत होते. "नुसतं येऊन सांगितलं असतं तरी मी हेच म्हटलं असतं."

तिला रडायचं नव्हतं, म्हणून ती पाणी आणते म्हणून उठली.

नवरा त्यानंतर आला तेव्हा दुपार होती. त्यानं गाडी दारात लावली, हातपाय धुतले आणि ताटावर बसला. पहिला घास त्यानं घेतला तेव्हा तिनं सगळं सांगितलं. डोळ्याचं, फळवाल्याचं, आपण दिलेल्या शब्दाचं, चाकाचं. काही राखून ठेवलं नाही. शोरूममधलं आपलं वाक्यही सांगितलं, जणू ते त्याला माहीतच नव्हतं.

तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तुम्ही गळ्यात पडल्यासारखी गाडी घेतली असती."

"घेतली असती," तो म्हणाला. "मग?"

त्यानं ताटातच हात धुतला, उठला आणि चपला घालून चालायला लागला. गाडीची किल्ली खुंटीवरच होती.

"गाडी नाही नेत?" तिनं विचारलं.

त्यानं मागं न बघता नुसता हात हलवला.

दिवस कलला. दारात उभ्या गाडीची सावली लांबत लांबत अंगणभर झाली. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातून दोनदा फोन येऊन गेला, माल तयार आहे म्हणून. ती बाहेर जाऊन रस्ता बघायची, आत यायची. बांधायला काही नव्हतं, तरी दावणीच्या दोराला तिनं एक गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली.

दिवेलागणीला तो आला. पायरीवर बसला. चपला काढल्या आणि त्यातली माती झटकत राहिला.

"भेटले?"

"हं."

"काय म्हणाले?"

"जेवून जा म्हणाले."

"मग?"

"जेवलो."

ती त्याच्या शेजारी बसली. तिनं विचारलं, "काकू काही बोलल्या?"

"आणखी वाढू का, एवढंच विचारलं." त्यानं चपला पुन्हा एकमेकींवर आपटल्या. "मी नाही म्हणालो नाही. त्या वाढत राहिल्या, मी खात राहिलो."